टेन्शन मी घेते कुठे? ते येतं!

पत्र

डॉक्टरताई, मी भांडुपला राहते. वय ४६. अंधेरीला चकाल्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी साडेपाचला उठते. डबे करायचे, सासूबाईंचं आवरायचं (दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला) आणि आठच्या आत घर सोडायचं. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. घरी परतायला रात्रीचे आठ होतात. मुलगा दहावीला आहे. मिस्टरांची नोकरी गेल्या वर्षी सुटली, नवीन मिळाली ती कमी पगाराची. घराचा हप्ता चालू आहे.

सहा महिने झाले, छातीत मधूनच धडधडतं. मान-खांदे दगडासारखे झालेत, ॲसिडिटी होते. पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात हिशेब सुरू होतात. ऑफिसच्या चेकअपमध्ये बीपी १५०/९६ निघालं, नंतर दोनदा मोजलं तरी तेवढंच. ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल टेस्ट सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, व्यायाम करा." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू आलं. टेन्शन मी घेते का? ते येतं. आणि व्यायामाचं काय सांगता, दिवसभर मी धावतच असते. जिने चढते, उभ्याने प्रवास करते, घरात राबते. हा व्यायाम नाही का? असेल तर मला हे सगळं का होतंय?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मीसुद्धा पूर्वी पेशंटना म्हणायचे. एकदा एक बाई म्हणाल्या, "ते दुकानात थोडंच मिळतं, घेऊ नका म्हणायला." त्या दिवसापासून मी ते म्हणणं सोडलं. हप्ता, दहावी, सासूबाईंचं आजारपण, यातलं काहीच तुम्ही हौसेने घेतलेलं नाही. तेव्हा ताण टाळायचा कसा हे मी सांगणार नाही. आलेल्या ताणाचं शरीर काय करतं आणि त्याला वाट कशी करून द्यायची, एवढंच सांगते.

आधी आपली भाषाच बघा. तोंडचं पाणी पळालं, पोटात गोळा आला, छातीत धस्स झालं, हातपाय गार पडले. ही नुसती बोलण्याची तऱ्हा नाही, शरीरात खरंच तसं घडतं. धोका दिसला की मेंदूकडून इशारा जातो आणि दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. लाळ आटते. पचन थांबवून पोटाकडचं रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं. त्वचेकडचं रक्त कमी झालं की तळवे गार पडतात. हृदय जोरात ठोके देतं, बीपी वर जातं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. एवढंच काय, रक्त गोठायलाही जास्त तयार होतं, म्हणजे जखम झाली तर कमी वाहील. पाठोपाठ त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक येतं आणि ही सगळी तयारी टिकवून धरतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला ‘लढा किंवा पळा’ची तयारी म्हटलं.

तुम्ही भांडुपच्या, तुम्हाला बिबट्याचं वेगळं सांगायला नको. नॅशनल पार्कातून उतरलेला बिबट्या समोर आला तर ही तयारी जीव वाचवते. माणूस पळतो, घामाघूम होतो, घरात शिरून दार लावतो. अर्ध्या तासाने श्वास जाग्यावर येतो. ओतलेली साखर पायांनी वापरलेली असते आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

आता महिनाअखेरीचा तुमचा दिवस डोळ्यांसमोर आणा. क्लोजिंग चालू आहे, ताळा लागत नाही, तेवढ्यात साहेबांचा मेसेज येतो, "जरा केबिनमध्ये या." छातीत धस्स होतं. साखर रक्तात येते, बीपी चढतं, पायांत पळायचं बळ येतं, आणि तुम्ही खुर्चीत बसून राहता. वहीत जमेची नोंद झाली, खर्चाची झालीच नाही. संध्याकाळी बँकेचा एसएमएस, रात्री मुलाच्या चाचणीचे मार्क, पुन्हा तीच जमा. तुम्ही अकाउंट्सच्या आहात, महिनोन्महिने अशी एकतर्फी नोंद होत राहिली तर काय होईल ते तुम्हाला कळेल. बीपी खाली उतरायचं विसरतं. पोटाभोवती चरबी साठते, साखर वाढायला लागते, सर्दी-खोकला लवकर पाठ सोडत नाही. लढायच्या पवित्र्यात वर उचललेले खांदे खाली येतच नाहीत, म्हणून ते दगडासारखे लागतात.

पहाटे तीनचंही थोडं सांगते. मध्यरात्रीच्या सुमाराला कॉर्टिसॉल सर्वांत खाली असतं आणि उत्तररात्री हळूहळू चढायला लागतं, म्हणजे सकाळी उठायला बळ मिळावं. त्या सुमाराला झोपही उथळ झालेली असते. शरीर आधीच सावध असेल तर नेमकी तिथे जाग येते. तीन वाजता दिसणारा हप्ता सकाळी नऊच्या हप्त्यापेक्षा मोठा वाटतो, आकडा मात्र तोच असतो. त्या वेळी घड्याळ आणि मोबाइल बघू नका.

ॲसिडिटीबद्दल मात्र सगळं ताणावर ढकलू नका. पोटातला अल्सर हा काळजीचा रोग आहे असं डॉक्टरही एकेकाळी मानत. त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो, हे दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. ताणाने जळजळ वाढते, उपाशीपोटी घेतलेल्या चहाच्या फेऱ्यांनीही वाढते. पण ती दोन-तीन आठवड्यांत हटली नाही, वजन उतरायला लागलं किंवा शौचाला काळं होऊ लागलं, तर तपासून घ्यायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हा व्यायाम नाही का?

याचं उत्तर बसशी जोडलेलं आहे, म्हणून मुंबईकरांना सांगायला मला फार आवडतं. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, रस्ते तेच, डेपो तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी निघाला, आणि झालाच तर सौम्य आणि उशिरा. मॉरिस एवढ्यावर थांबला नाही. मुळातच जाडी माणसं ड्रायव्हर होत असतील तर, ही शंका त्याने स्वतःच काढली आणि गणवेशाच्या पँटची मापं मागवली. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती. पण पुढे दिसलं असं की कंडक्टर बारीक असो की जाडा, जिन्याचा फायदा त्याला मिळतच होता. आपल्या बेस्टच्या जुन्या लाल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा त्या गोल जिन्यावर तिकिटांची पेटी वाजवत वरखाली करणारे कंडक्टर आठवून मला ही मापंच आठवली.

तेव्हा, तुमचे जिने फुकट जात नाहीत, ते हृदयाच्या खात्यात जमा होतात. पण ते किती, हे एक दिवस घड्याळ लावून मोजाच. भांडुपचा पूल, घाटकोपरला लोकलमधून मेट्रोकडे जायचा जिना, ऑफिसचा एखादा मजला. बहुतेक दहा मिनिटांपेक्षा जास्त निघणार नाही. बाकी आठ-नऊ तास खुर्ची. उभ्याने प्रवासात पाय थकतात हे खरं, पण थकणं म्हणजे व्यायाम नाही. लेडीज डब्यात वरची कडी घट्ट धरून, पर्स पोटाशी आवळून, उतरायच्या बाजूला सरकायला मिळेल का या काळजीत उभं असताना स्नायू आवळलेले असतात, हलत नाहीत. खांदे तर आणखीच वर जातात.

घरच्या कामाचं दुखणं वेगळं. झाडणं, पुसणं, सासूबाईंना उठवून बसवणं यात मेहनत भरपूर आहे, पण नजर घड्याळावर असते. कष्टाच्या कामातली हालचाल आणि स्वतःच्या वेळेतली हालचाल शरीराला सारखीच फळते का, यावर डेन्मार्कच्या संशोधकांनी बरंच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की कामातली हालचाल तासन्‌तास चालते, मधे विसावा नसतो, वेग आपल्या हातात नसतो, म्हणून तिचा फायदा तितका मिळत नाही. यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण माझ्या दवाखान्यात इतक्या वर्षांत राबून दमलेल्या आणि तरीही बीपी चढलेल्या इतक्या बाया आल्या, की मला ते पटतं. तुम्ही दिवसभर पळता ते बिबट्या मागे असताना पळता. रोज थोडा वेळ असं चालायला हवं, की मागे कोणी नाही.

अशा चालण्याने काय होतं? खर्चाची नोंद होते. मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू मोठे असतात, ते कामाला लागले की रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात. थांबल्यावर शांत करणाऱ्या मज्जातंतूंचं काम सुरू होतं आणि नंतर कित्येक तास बीपी थोडं खाली राहतं. काही आठवडे नेमाने केलं तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. गाढ झोपेचा वेळ वाढतो. मेंदूत तयार होणारी रसायनं मनाला हलकं करतात, तेही खरं. पण तुमच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. तुम्हाला धडधडीची भीती बसली आहे. खुर्चीत धडधडलं की "झटका तर नाही?" असं वाटतं, त्या भीतीने आणखी धडधडतं. भराभर चालताना तीच धडधड तुम्ही स्वतः बोलावता, आणि पाच मिनिटं बाकावर बसलात की ती आपोआप जाते. असं वीस-पंचवीस वेळा झालं की शरीराला कळतं, हृदय जोरात चाललं म्हणजे संकट नव्हे.

मग करायचं काय? जिम लावू नका, पहाटे पाचला तर मुळीच उठू नका. तुमची झोप आधीच सहा तासांची आहे, तिला हात लावून केलेला व्यायाम मला नको. चकाल्याहून एखादं स्टेशन पायी जावं म्हणाल, तर अंधेरी-कुर्ला रोडच्या धुरात आणि हॉर्नमध्ये ते चालणं मी सांगणार नाही. माझी सूचना अशी आहे. संध्याकाळी भांडुपला उतरल्यावर थेट घरी जाऊ नका. घरात पाऊल टाकलं की कुकर, अभ्यास, सासूबाईंची औषधं तुमचा ताबा घेतात, मग बाहेर पडणं होत नाही. सोसायटीच्या आवारात या, पर्स आणि डबा वॉचमनच्या टेबलावर ठेवा. हात मोकळे पाहिजेत. फोन पर्समध्येच राहू द्या. मग आवाराच्या फेऱ्या मारा, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, दुसऱ्यात पंधरा, मग वीस-पंचवीस. वेग इतका की शेजारणीशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. भाजी आणायला जाऊन चालणं यात धरू नका, फोनवर नणंदेशी बोलत चालणंही नाही. पहिली पाच मिनिटं डोक्यात ऑफिस चालूच राहील, राहू द्या. खांदे कानांपासून खाली सोडा, दाताला दात लागले असतील तर सोडवा, हात झुलू द्या. सहाव्या-सातव्या फेरीला श्वास आणि पावलं एका लयीत येतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. २०२० च्या मार्गदर्शनात त्यांनी हेही म्हटलं की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं. तेव्हा एखादा दिवस चुकला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्याचाच आणखी एक ताण व्हायचा.

रविवारी सकाळी मुलाला घेऊन भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला जा. हायवेच्या पलीकडे खाडीकडे जाणारा तो रस्ता तुमच्या हाकेवर आहे. थंडीत तिकडे फ्लेमिंगो येतात. दहावीच्या मुलालाही तासभर पुस्तकापासून दूर राहायची तेवढीच गरज आहे, आणि शेजारी शेजारी चालताना मुलं असं काही बोलतात जे समोरासमोर बसून कधी बोलत नाहीत.

पावसाळ्यात आवारात पाणी साचलं तर घरातच सूर्यनमस्कार. आपल्याकडे औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार केला. सतरंजीपुरती जागा लागते आणि पैसा लागत नाही. तुम्ही मात्र दोन-तीन नमस्कारांपासून सुरुवात करा, सावकाश, श्वास कुठेही कोंडून न धरता. डोकं खाली गेल्यावर गरगरलं तर ते सोडून द्या आणि खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दहा वेळा दंडासारखं करा. एरवीही आठवड्यातून दोनदा हे दोन प्रकार कराच. या वयात बायकांचे स्नायू आणि हाडं झिजायला लागतात, आणि सासूबाईंना उचलायला तुमची पाठ शाबूत राहायला हवी.

मेट्रोत उभ्या असताना एक करता येतं. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. सोडताना वेळ जास्त लागला की हृदयाचा वेग उतरतो. घाटकोपर सुटल्यावर सुरू करा, साकीनाका येईपर्यंत पुरे. शेजारच्या बाईला कळणारसुद्धा नाही.

आता जरा अवघड गोष्ट. ही वीस-पंचवीस मिनिटं कुठून आणायची? ती तुमच्या झोपेतून निघणार नाहीत, ती घरातल्या इतर माणसांच्या वेळेतून निघायला हवीत. आठ ते साडेआठ कुकर मिस्टरांनी लावायचा, सासूबाईंची संध्याकाळची गोळी मुलाने द्यायची. "मला जमेल तेव्हा फिरून येते" असं म्हणू नका, त्याने काही होत नाही. बीपीचा कागद दोघांसमोर ठेवा आणि सांगा, "ही औषधाची वेळ आहे." मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा त्यांच्याही अंगावर ताण आला आहे. ते बोलत नसतील एवढंच. जमलं तर एक दिवस आड तुम्ही, एक दिवस आड ते, असं फिरा. आणि चालण्याने हप्ता कमी होणार नाही, हे मला कळतं. बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता उतरवता येईल का, हे दोघांनी मिळून एकदा विचारून या. व्याज जास्त जाईल, ते हिशेबात तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बघाल.

औषधाचं विसरू नका. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही. घरी बीपी मोजताना आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसा, हात छातीच्या उंचीला ठेवा, त्याआधी अर्धा तास चहा नको. घरी १३५/८५ च्या आत राहायला हवं. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर दिसला तर त्या दिवशी चालायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर झाली नसेल तर करून घ्या. शिवाय तुमचं वय ४६, पाळी मागे-पुढे होते आहे का ते पत्रात लिहिलं नाहीत. पाळी जायच्या काळातही धडधड, अंगातून वाफा आणि रात्रीची जाग असते. स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा बोला.

चालताना छातीत दाबल्यासारखं वाटलं, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ गेली, थंड घाम फुटला, तर तिथेच थांबून तडक इस्पितळ गाठायचं. बायकांमध्ये कधी कधी नुसती मळमळ आणि न पेलणारा थकवा एवढंच असतं, ते ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. आणि रडू थांबत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर चालण्याची वाट बघत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सासूबाईंना फिजिओथेरपिस्टने हाताचे व्यायाम दिलेले असतील. तुम्ही खाली फेऱ्या मारत असताना मुलाने त्यांच्याकडून ते करून घ्यावेत. खुर्ची खिडकीपाशी ठेवली तर त्यांना तुम्ही दिसाल. सहा आठवड्यांनी बीपीची वही घेऊन आकडे मला लिहा, मग गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण ठरवू.

तुमची,
डॉक्टरताई